पुरळाआधीचे चार दिवस

गोवर ओळखू येतो तेव्हा त्याचं निम्मं काम उरकलेलं असतं. कानामागून पुरळ उतरायला लागलं, चेहरा फुलला, की आई, आजी, शाळेतल्या बाई, कुणीही सांगेल की हा गोवर आहे. पण पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून त्या मुलाच्या श्वासातून विषाणू बाहेर पडत असतो. त्या दिवसांत त्याला असतो नुसता ताप, वाहतं नाक, कोरडा खोकला आणि लाल, पाणावलेले डोळे. सर्दीपडशाच्या मोसमात पहिली-दुसरीच्या कुठल्याही वर्गात अशी चार-पाच मुलं सापडतात. म्हणूनच ‘गोवर आलेल्या मुलाला शाळेत पाठवू नये’ हा नियम घराघरात पाठ असूनही तेवढ्याने गोवर थांबत नाही. ज्याला आपण घरी बसवतो, त्याच्याकडून बाकावरच्या सोबत्यांना लागण आधीच होऊन गेलेली असते.

मग त्याला घरी ठेवून उपयोग काय? उपयोग मोठा आहे, पण तो पहिल्या मुलापेक्षा त्याच्या पाठोपाठ आजारी पडणाऱ्या मुलांच्या बाबतीत आहे. आणि तो पदरात पडतो की नाही, हे एकाच गोष्टीवर ठरतं: पहिल्या पुरळाची बातमी शाळेला आणि तिथून आरोग्य केंद्राला किती लवकर पोचली.

गोवराचा विषाणू हवेतून जातो. आजारी मूल खोकून वर्गाबाहेर पडलं तरी त्या हवेत तो दोन तासांपर्यंत टिकतो. मधल्या सुट्टीनंतर त्याच खोलीत दुसरी तुकडी येऊन बसली तर तिलाही लागण होऊ शकते. लस न घेतलेली आणि पूर्वी गोवर न झालेली दहा मुलं रुग्णाच्या निकट सहवासात आली तर त्यांतली नऊ आजारी पडतात. संरक्षण नसलेल्या लोकवस्तीत एक रुग्ण सरासरी बारा ते अठरा जणांना आजार देतो. माणसाला होणाऱ्या संसर्गजन्य आजारांत याच्या बरोबरीने पसरणारे आजार फार थोडे. गोवर रोखायला शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना लसीचे दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात, ते यामुळे. ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर समाधान मानण्याची सोय या आजारात नाही.

आता पुण्याजवळच्या खडकवासल्याचा पट्टा डोळ्यांसमोर आणा. धरणाच्या भिंतीलगतचं जुनं गाव, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, गिरीनगरच्या वसाहती. खाली सिंहगड रस्त्याने किरकटवाडी, नांदेड, धायरीपर्यंत उभ्या राहिलेल्या सोसायट्या आणि त्या बांधणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. सुट्टीच्या दिवशी चौपाटीवर कणसं आणि भजी खायला शहर लोटतं ते वेगळंच. इथे शाळाही सगळ्या तऱ्हेच्या: सरकारी, अनुदानित, इंग्रजी माध्यमाच्या, केंद्रीय विद्यालय. थोरला एका शाळेत, धाकटी अंगणवाडीत, संध्याकाळी दोघंही गल्लीतल्या शिकवणीला, असं घराघरातलं वेळापत्रक. जून २०२१ मध्ये तेवीस गावं पुणे महापालिकेत आली, त्यांत खडकवासलाही होता. गावाचं शहर कागदावर एका दिवसात होतं. आपल्या भागातली ताप-पुरळाची खबर नेमकी कुणाला द्यायची, कोणती आरोग्यसेविका आपली, हे लोकांच्या अंगवळणी पडायला मात्र वेळ लागतो. बांधकामावरच्या कुटुंबांचं आणखी अवघड. बाळाचा नऊ महिन्यांचा डोस गावाकडे झालेला असतो, दुसऱ्या डोसाच्या वेळी आईबाप पुण्यात असतात आणि लसीकरणाचं कार्ड गावच्या ट्रंकेत.

अशा ठिकाणी दिवसांचा हिशेब नीट समजून घ्यावा लागतो. समजा, दुसरीतल्या एका मुलीच्या अंगावर सोमवारी पुरळ उठलं. म्हणजे तिच्याकडून लागण होण्याचा काळ आदल्या गुरुवारी सुरू झाला. गुरुवारी आणि शुक्रवारी ती नाक पुसत वर्गात बसली होती. शनिवारी सकाळच्या शाळेलाही आली, कारण आईला कामावर जायचं होतं. या तीन दिवसांत वर्गातल्या ज्या मुलांना लागण झाली, ती लगेच आजारी पडत नाहीत. विषाणू शरीरात गेल्यापासून ताप यायला साधारण दहा दिवस लागतात आणि पुरळ उठायला चौदा. म्हणजे मुलांची दुसरी फळी तापाने फणफणू लागेल ती पुढच्या रविवारपासून मंगळवारपर्यंत. लागण देण्याची तिची पाळीही साधारण तेव्हाच सुरू होईल.

सोमवार ते पुढचा रविवार. शाळेच्या हातात असतो तो हा एवढा आठवडा. या आठवड्यात वर्गातली इतर मुलं विषाणू बाळगून असली तरी दुसऱ्याला देत नाहीत. कुणाचे डोस राहिलेत हे पाहायला, त्यांच्या घरी निरोप द्यायला, आरोग्यसेविकेला बोलवायला हीच वेळ. संपर्क आल्यापासून बहात्तर तासांच्या आत लस दिली तर ती आजार टाळू शकते किंवा सौम्य करते. आपल्या उदाहरणात गुरुवारच्या संपर्काचे बहात्तर तास रविवारीच संपले, शुक्रवारचे सोमवारी संपताहेत आणि शनिवारचे मंगळवारी. बातमी सोमवारी दुपारी शाळेत पोचली तर काही मुलं अजून हाताशी आहेत. ती गुरुवारी पोचली तर या पहिल्या संपर्कासाठी उशीर झाला. तरीही राहिलेला डोस द्यायचाच, कारण पुढच्या संपर्कात तो कामाला येतो. आणि बातमी दोन आठवड्यांनी, म्हणजे आणखी पाच-सहा मुलांच्या अंगावर पुरळ दिसल्यावर पोचली, तर तिसरी फळी तयार झालेली असते आणि ती एका वर्गापुरती राहत नाही.

लागणीपासून पुरळापर्यंतच्या या चौदा दिवसांचा शोध कसा लागला, ती हकीकत सांगण्याजोगी आहे. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. त्याआधीची साथ १७८१ ची, त्यामुळे पासष्ट वर्षांत जन्मलेल्या कुणालाच गोवर ठाऊक नव्हता. ७,७८२ वस्तीपैकी सुमारे सहा हजार माणसं आजारी पडली. डेन्मार्कच्या सरकारने पाठवलेला पीटर पानुम हा पंचविशीतला डॉक्टर गावोगाव बोटीने फिरला आणि प्रत्येक घरी त्याने तारखा विचारल्या: बाहेरचं माणूस कधी आलं, पुरळ कधी उठलं, दुसऱ्याला कधी उठलं. एका खेड्यातले दहा जण ४ जूनला दुसऱ्या गावी देवमाशांच्या शिकारीला गेले होते. १८ जूनला त्या दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठलं. प्रयोगशाळा नाही, विषाणू म्हणजे काय याची कल्पना नाही. आजारी पडल्याची तारीख नीट लिहून ठेवण्याच्या जोरावर पानुमने चौदा दिवसांचा हा हिशेब सिद्ध केला. पासष्ट वर्षांपूर्वी ज्यांना गोवर होऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा झाला नाही, हेही त्यानेच नोंदवलं.

तारखा लिहून ठेवण्याची अशीच एक वही आपल्या प्रत्येक वर्गात रोज सकाळी उघडते, ती म्हणजे हजेरीपट. मुलाच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करताना कारण विचारलं जातं, बहुतेक वेळा शेजारच्या बाकावरून उत्तरही येतं: ‘बाई, त्याला ताप आलाय.’ हे उत्तर तिथेच विरून जातं. पेन्सिलीने त्या चौकटीत एक ‘ता’ लिहिला, तर आठवड्याच्या शेवटी एका वर्गात एकाच वेळी चार ‘ता’ दिसतात आणि ते पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो. मला विचाराल तर शाळेतल्या गोवर नियंत्रणाची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित सोय ही आहे. तिला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही, वरून आदेश यावा लागत नाही.

वर्गात काय पाहायचं, तेही थोडं जवळून सांगायला हवं. सर्दीच्या तापात मूल एक-दोन दिवसांत सावरायला लागतं. गोवरात ताप दिवसागणिक चढतो आणि पुरळ उठतं तेव्हा सगळ्यात जास्त असतो. डोळे लाल होतात, उजेड सोसत नाही, मूल खिडकीकडे पाठ करून बसतं. पुरळाच्या एक-दोन दिवस आधी गालांच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढरट ठिपके दिसतात. हेन्री कॉपलिक या न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञाने १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं. डॉक्टरांनी ‘आ कर’ म्हणून आत पाहिलं तर पुरळाआधीच निदान होऊ शकतं. मग पुरळ केसांच्या कडेला आणि कानामागे सुरू होऊन चेहरा, मान, छाती, पोट असं खाली पायांपर्यंत उतरतं. त्यात पाणी नसतं. पाण्याचे फोड असतील तर त्या कांजिण्या. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, पण हात फिरवला तर अंग खरखरीत लागतं. गोऱ्या मुलांच्या चित्रांवरून शिकवलेला गोवर आपल्याकडच्या मुलांवर ओळखताना चुकतो, तो इथे.

आपल्या घरांमध्ये गोवराचे जुने नियम होते. गोवर आला की मुलाला वेगळ्या खोलीत, मंद उजेडात निजवायचं, अंथरुणाशी कडुलिंबाचा पाला ठेवायचा, दाराला डहाळा लावायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला तो डहाळा दिसला की तो उंबऱ्याबाहेरूनच चौकशी करून परतायचा. देवीचा कोप ही त्यामागची समजूत बाजूला ठेवली, तरी या रीतीत दोन शहाणपणाच्या गोष्टी होत्या: शेजाऱ्यांना सूचना आणि रुग्णाचं वेगळं राहणं. उणीव अशी की डहाळा पुरळ दिसल्यावरच लागायचा आणि सूचना गल्लीपुरती राहायची. त्याबरोबर आलेली दुसरी समजूत मात्र घातक आहे. ‘गोवर बाहेर पडू द्यावा, औषध दिलं तर आत राहील’ असं म्हणत कितीतरी घरं डॉक्टरकडे जायचं टाळतात, आणि तोवर न्यूमोनिया छातीत उतरलेला असतो. गोवर म्हणजे नुसतं पुरळ नव्हे. कान फुटणं, जुलाब, न्यूमोनिया, डोळ्यांवर परिणाम, हजारात एखाद्याला मेंदूची सूज, हे सगळं त्याच्या पोटात असतं. जीवनसत्त्व अ चे दोन डोस, लागोपाठ दोन दिवस, वयानुसार दिले तर मृत्यू आणि अंधत्वाचा धोका कमी होतो. औषध इतकं साधं आहे आणि ते आरोग्य केंद्रात मिळतं. मुलाला तिथवर नेलं मात्र पाहिजे.

शाळेत जाणारं सात-आठ वर्षांचं मूल बहुधा गोवरातून बरं होतं. मग एवढा आटापिटा कशाला, असं कुणाच्याही मनात येईल. त्याचं उत्तर घरच्या पाळण्यात आहे. आपल्या लसीकरणाच्या वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. आईकडून मिळालेलं संरक्षण त्याआधीच ओसरू लागतं. सहा-सात महिन्यांचं बाळ या मधल्या फटीत सापडतं, आणि त्याच्यापर्यंत गोवर पोचवणारी वाट पुष्कळदा थोरल्या भावंडाच्या शाळेतून येते. त्यामुळे वर्गात एक रुग्ण सापडला की शिक्षकांनी विचारायचा पहिला प्रश्न मला हा वाटतो: कुणाच्या घरी वर्षाच्या आतलं बाळ आहे? ज्यांच्या घरी आहे, त्यांना निरोप सगळ्यांत आधी जायला हवा. घरात गरोदर बाई असेल तर तिलाही.

निरोप लवकर मिळाला नाही तर काय होतं, हे महाराष्ट्राने २०२२ च्या अखेरीस पाहिलं. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत ऑक्टोबरच्या शेवटी एकाच कुटुंबातली तीन लहान मुलं अठ्ठेचाळीस तासांच्या आत दगावली. ते मृत्यू झाले तेव्हा आजार वस्तीत आधीच पसरलेला होता. त्यानंतर घरोघर पाहणी सुरू झाली, केंद्राची पथकं आली, भिवंडी आणि मालेगावातून रुग्णांच्या बातम्या आल्या; पुण्याशेजारी पिंपरी-चिंचवडच्या कुदळवाडीतही उद्रेक जाहीर झाला. जोखमीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस आणि जिथे लहान बाळांमध्ये रुग्ण जास्त होते तिथे सहा महिन्यांपासूनच्या बाळांनाही एक डोस देण्याचं ठरलं. करोनाच्या दोन वर्षांत राहून गेलेले डोस एकत्र येऊन समोर उभे राहिले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एकट्या २०२१ मध्ये जगभरात जवळजवळ चार कोटी मुलांचा गोवराचा एक तरी डोस चुकला होता.

लवकर कळवा, हे सांगणं सोपं आहे. पण लोक का कळवत नाहीत याचा विचार केल्याशिवाय ते सांगू नये, आणि पुण्यात तर मुळीच सांगू नये. १८९७ च्या प्लेगमध्ये या शहराने सक्तीची खबर आणि सक्तीचं वेगळं ठेवणं काय असतं ते भोगलं आहे. रँड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीच्या हाताखाली गोरे शिपाई घरात शिरत, माजघरापर्यंत तपासणी होई, आजारी माणसाला उचलून नेत, सामान जाळत. परिणाम असा की लोक रुग्ण लपवू लागले, प्रेतंही लपवू लागले. २२ जूनला गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. देशातला साथरोग कायदा त्याच वर्षीचा. आणि त्याच वर्षी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोचवत होत्या. एकाच शहरात, एकाच साथीत, आजारी माणसाकडे जाण्याच्या या दोन वाटा होत्या. पहिल्या वाटेने गेलेल्यांना लोकांनी दारं बंद केली. रोग्याची खबर मिळवायची असेल तर दुसऱ्या वाटेलाच लागावं लागतं.

आज दाराशी शिपाई येत नाही, पण कळवण्याची किंमत आजही मोजावी लागते आणि ती मुख्यतः गरीब घराला. मूल आठवडाभर घरी बसलं तर आईचा आठवड्याचा रोज बुडतो. मुलाचं शाळेतलं दुपारचं जेवण बुडतं. प्राथमिक शाळेतल्या दारिद्र्यरेषेखालच्या मागास घटकांतल्या मुलींसाठी १९९२ पासून दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्त्याची योजना आहे; रक्कम लहान आहे, पण आजारी दिवस त्यात गैरहजेरीचा ठरतो. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस तर शाळा मोठ्या उत्साहाने देतात, आणि ते मिळवण्यासाठी अंगात ताप असलेली मुलं वर्गात येऊन बसतात. हे बक्षीस बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जपानमध्ये शाळांच्या आरोग्याच्या कायद्यात याची तजवीज आहे. गोवर झालेल्या मुलाला ताप उतरून तीन दिवस होईपर्यंत शाळेत यायला मनाई असते, आणि ते दिवस गैरहजेरीत धरले जात नाहीत. २००७-०८ मध्ये तिथे तरुण विद्यार्थ्यांत मोठी साथ आली होती. त्यानंतर लसीकरण आणि प्रत्येक रुग्णाची नोंद यांवर भर देऊन २०१५ मध्ये त्या देशाने गोवर निर्मूलनाची मान्यता मिळवली. आपल्याकडे हजेरीपटात ‘आरोग्य रजा’ असा एक रकाना करून तो दिवस हजेरीतच धरला आणि त्या मुलाच्या वाटणीचा शिधा घरी पोचवला, तर ताप लपवण्याचं अर्धं कारण संपेल.

मुलाला शाळेबाहेर ठेवण्याबाबत एक मर्यादाही पाळायला हवी. पुरळ उठल्याच्या दिवसानंतर चार पूर्ण दिवस गेले की गोवराच्या मुलाकडून लागण होत नाही. आपल्या उदाहरणातली मुलगी सोमवारी पुरळ उठल्यावर शनिवारी, अंगात ताप नसेल आणि तरतरी असेल, तर शाळेत येऊ शकते. अंगावरचे तपकिरी डाग आणखी आठवडाभर दिसतात. ते पाहून तिला परत पाठवणं चूक आहे. लस न घेतलेल्या संपर्कातल्या मुलांना काही देशांत एकवीस दिवस शाळेबाहेर ठेवतात. अमेरिकेत सत्तरच्या दशकात याहून पुढे जाऊन डोस नसलेल्या मुलांना सरसकट शाळेतून परत पाठवलं गेलं. अलास्कामध्ये एका फटक्यात सात हजारांवर मुलं बाहेर राहिली आणि महिनाभरात बहुतेक सगळी डोस घेऊन परत आली. आपल्याकडे ते जसंच्या तसं आणू नये. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक मुलाला शाळेचं दार उघडं केलं आहे, आणि मजुराचं मूल एकदा तीन आठवडे बाहेर राहिलं की ते परत येईलच याची खात्री नसते. त्यापेक्षा डोस शाळेत आणून द्यावा, मुलाला वर्गात ठेवावं आणि दुसऱ्या फळीच्या संभाव्य तारखांना त्याच्यावर बारीक नजर ठेवावी. त्या दिवसांत ताप आला की पुरळाची वाट न पाहता त्याच तासाला घरी पाठवावं. इथे मुलाला दूर ठेवण्याचा खरा फायदा मिळतो, कारण लागण देण्याचा काळ नुकता सुरू झालेला असतो.

पूर्ण शाळा बंद करण्याचा मोह मात्र टाळावा. शाळा बंद झाली की मुलं घरात थांबत नाहीत. ती गल्लीत, शिकवणीत, मामाच्या गावी जातात, आणि हजेरीपट मिटल्यामुळे कोण आजारी पडलं ते कळायचं साधनच उरत नाही. आश्रमशाळा आणि वसतिगृहांत तर तापलेल्या मुलाला एसटीत बसवून गावी धाडणं म्हणजे एका खोलीतला आजार पन्नास पाड्यांवर नेणं. तिथे एक खोली वेगळी करून, मुलाची काळजी तिथेच घेतलेली बरी.

डोसाबद्दल एक अडचण पालकांना सहसा ठाऊक नसते. सरकारी वेळापत्रकात राहून गेलेला गोवर-रुबेलाचा डोस पाच वर्षांचं होईपर्यंत देतात. पहिलीत मूल सहाव्या वर्षी येतं. म्हणजे शाळेच्या पायरीवर पाऊल ठेवतं तेव्हा ती मुदत उलटलेली असते, आणि मोठी मोहीम निघाल्याशिवाय किंवा खासगी बालरोगतज्ज्ञाकडे गेल्याशिवाय डोस मिळणं अवघड होतं. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झालेल्या मोहिमेत नऊ महिने ते पंधरा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना शाळाशाळांतून डोस दिला गेला. पण त्यानंतर जन्मलेली मुलं आता वर्गात बसताहेत. त्यामुळे कार्ड पाहायचं ते पहिलीत नव्हे, अंगणवाडीत आणि बालवाडीत. त्यात आणखी एक गोम आहे. लसीची बाटली पाणी मिसळून तयार केली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून आरोग्यसेविका ठरलेल्या दिवशी मुलं गोळा करून सत्र घेते. एकट्यादुकट्या मुलासाठी आई कामाचा दिवस मोडून गेली आणि ‘पुढच्या सत्राला या’ ऐकून परतली, तर ती पुन्हा येईलच असं नाही. शाळेने यादी आधी दिली तर सत्रच शाळेत होऊ शकतं.

ही लस पुण्याला परकी नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका निवासी शाळेत गोवराची साथ आली. थॉमस पीबल्स हा तरुण डॉक्टर तिथे गेला आणि मुलांच्या घशातले नि रक्तातले नमुने घेऊन जॉन एंडर्सच्या प्रयोगशाळेत आला. डेव्हिड एडमन्स्टन नावाच्या विद्यार्थ्याच्या रक्तातून विषाणू वेगळा झाला. त्याच विषाणूपासून पुढे लस तयार झाली, आणि त्याचा झाग्रेबमध्ये सौम्य केलेला वाण हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये लसीसाठी वापरला जातो. तिथून ती जगभर जाते आणि सिंहगड रस्त्यावरच्या बर्फाच्या पेटीतही. इंजेक्शनऐवजी श्वासातून लस देता येईल का, याची मोठी चाचणीही पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत झाली. दोन हजारांवर बाळं त्यात होती आणि २०१५ मध्ये आलेल्या निकालात इंजेक्शनच सरस ठरलं.

गोवर होऊन गेला की त्याचा हिशेब संपला, असंही नाही. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोवरानंतर त्यांच्या रक्तातली इतर आजारांविरुद्धची जमा झालेली प्रतिपिंडं अकरा ते त्र्याहत्तर टक्क्यांनी घटली होती. म्हणजे आधी होऊन गेलेल्या आजारांशी लढायची शिदोरीच गोवर घेऊन जातो. शनिवारी शाळेत परतलेलं मूल पुढचे काही महिने वारंवार आजारी पडलं, तर ‘नाजूक आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

खडकवासला-नांदेड-किरकटवाडीच्या लोकांना खबर एकत्र येण्याचं मोल नव्याने सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये गीयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण शहरातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांत एकेकटे दाखल होत होते. त्यांचे पत्ते एका नकाशावर आले तेव्हा सिंहगड रस्त्याचा हा पट्टा दिसला आणि नजर पाण्याच्या स्रोताकडे वळली. पुढे रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. तो आजार एकाचा दुसऱ्याला होणारा नव्हता, गोवर आहे. पण दोन्हींत एकेकट्या डॉक्टरच्या टेबलावर चित्र दिसत नाही.

शाळेकडून कळवलं गेल्यावर पुढचं काम यंत्रणेचं. आरोग्य कर्मचारी मुलाचं रक्त घेतात, लवकर गेले तर घशातला नमुनाही, आणि तो प्रयोगशाळेत जातो. चार आठवड्यांत एखाद्या भागात पाच संशयित आणि त्यांतले दोन पक्के निघाले तर उद्रेक जाहीर होतो. पुष्कळदा अहवाल येतो की हा गोवर नव्हे, रुबेलाही नव्हे. दुसरा कुठला तरी विषाणू होता. अशा वेळी मुख्याध्यापकांना वाटतं की उगाच धावपळ केली, पालकांना घाबरवलं. गोवर निर्मूलनाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी याच्या नेमकी उलट आहे. दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला निदान दोन असे ताप-पुरळाचे रुग्ण सापडले पाहिजेत, जे तपासणीअंती गोवरही नाहीत आणि रुबेलाही नाहीत. ते सापडले नाहीत तर त्या जिल्ह्यात गोवर नाही असा अर्थ काढत नाहीत. तिथे कुणी बघत नाही, असा काढतात.